उसनी पावलं

तपासनीस पुन्हा जिना चढू लागला, तसा लेकीनं टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

"परत?" पलंगावर उशांना टेकलेले अण्णा म्हणाले. "मघाशीच तर चढला होता. याला घरदार नाही का?"

"बायको सोडून गेली त्याची."

"जाणारच. यानं जिन्याशीच लग्न लावलंय."

मालिकेच्या या भागात वरिष्ठांनी तपासनिसाला कामावरून बाजूला केलं होतं. वरच्या मजल्यावरची एक म्हातारी नाहीशी झाली होती. फाइल बंद झाली, तरी हा रोज संध्याकाळी त्याच इमारतीत यायचा आणि शेजाऱ्यांनी त्या दिवशी ऐकलेली पावलं कशी वाजली असतील, ते स्वतः चढून बघायचा.

पडद्यावर चढत होता तो. पावलं लेकीची होती. मालिकेतल्या माणसांच्या चालण्याचे आवाज मागाहून भरायचे, हे तिचं काम. बंद खोली, समोर चित्र, पायाखाली फळी. नटानं पाऊल टाकलं की त्याच क्षणी हिनं टाकायचं. "एवढं शिकली, आणि आता जागच्या जागी चालते," असं आई शेजारणींना सांगायची, निम्मं थट्टेनं, निम्मं काळजीनं.

हा भाग घरीच बघायचा, असं लेकीनं ठरवलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर अण्णांचा उजवा पाय लुळा पडला होता. व्यायाम शिकवणारी ताई सांगून थकली, की पाय चालवला तर चालेल, असाच ठेवला तर कायमचा आखडेल. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडायचे. "खूप चाललो," एवढंच म्हणायचे.

चालले होतेच. विजेच्या मीटरचे आकडे घेत जन्मभर इमारती चढले, उतरले. त्याच पायांनी घरात पीठ आलं, त्याच पायांनी शाळेची फी आली, तापाच्या दिवसांत औषध आलं. फळीवर उभं राहून ते चालणं आठवताना लेकीनं आधी चपला काढल्या होत्या आणि क्षणभर नुसते हात जोडले होते.

पडद्यावर आता अंधार होता. दोन पायऱ्या भरभर, मग वळणावर दम घेणं, मग टाचेची एक ओढ.

स्वयंपाकघरातून आई ओल्या हातांनीच बाहेर आली, सरळ दाराशी गेली आणि कडी काढली. बाहेर जिना रिकामा.

"कोण आलं गं?" अण्णांनी विचारलं.

"कोणी नाही. मला वाटलं..." आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचं गिळून टाकलं.

टाच पुन्हा ओढली गेली. अण्णांनी कान दिला.

"हा तर माझं चालणं चालतोय."

लेकीनं नजर पडद्यावरच ठेवली.

"न विचारता उचललंस?"

"तुम्ही वापरत नव्हता ना, अण्णा."

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. आई दाराशी तशीच उभी. अण्णा पडद्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांच्या ओठांची एक बाजू, जेवढी हलायची तेवढी, हलली.

"चुकलंय," ते म्हणाले. "टाच ओढली जात नव्हती काही. मी मुद्दाम घासायचो. फक्त आपल्या दाराशी."

"मुद्दाम? कशाला?"

"तुम्हाला कळावं, मी आलोय."

आई कडीवरचा हात काढायचं विसरली.

"मग कशी घासायचात?" लेकीनं हळूच विचारलं.

"असं सांगून कळायचं नाही. उठव मला."

एक हात आईच्या खांद्यावर, एक भिंतीला. डावं पाऊल पडलं. उजवं मागून फरफटत आलं. पुन्हा डावं. पुन्हा फरफट. लेकीनं टीव्हीचा आवाज बंद करून टाकला. पडद्यावर तपासनिसानं एक दार ढकललं, समोर कोणाला तरी पाहिलं, त्याचे ओठ हलले. गुन्हेगाराचं नाव घेतलं असावं; या घरात ते कोणीच ऐकलं नाही.

उघड्या दाराशी पोचून अण्णांनी लुळ्या पायाची टाच जमिनीवर घासली. अगदी थोडी, पण घासली.

"आलं लक्षात?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

लेकीनं डोळे मिटून घेतले होते, कामावर एखादा आवाज नीट ऐकताना घ्यायची तसे. पापण्यांच्या कडा ओल्या होत्या.

"नाही," ती म्हणाली. "पुन्हा एकदा."

अण्णा कुरकुरत वळले.