पट कुणाच्या घरी

आबा गेले तेव्हा चाल त्यांची होती.

हे मला त्यांच्या बाराव्याला कळलं. जेवणं उरकल्यावर जोतीरामकाका आतल्या खोलीत बुद्धिबळाच्या पटापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "हंबीरची चाल हाय. कोण खेळणार?"

हंबीर म्हणजे आबा, माझे वडील. काका आणि ते साखर कारखान्यात ऊस वजनाच्या काट्यावर बरोबर होते. निवृत्तीनंतरही डाव चालू राहिला, महिन्यातून एका रविवारी. नियम एकच: जिंकेल त्यानं पट घरी न्यायचा, पुढचा डाव तिथं. मागचा डाव आबांनी जिंकला होता, म्हणून पट आमच्याकडे होता, आणि त्यावर नवा डाव काही महिने अर्धवट मांडलेला होता.

मला सोंगट्या कशा सरकतात तेवढंच माहीत होतं. तरी मी म्हणाले, "मी खेळते." पट घरातून जाऊ नये, एवढंच मनात होतं. त्यावरची प्रत्येक सोंगटी आबांनी हातानं ठेवलेली होती. निम्म्या काकांनी ठेवलेल्या होत्या, हे मला बऱ्याच दिवसांनी सुचलं.

"तीन म्हैन्यांनी येतो," काका म्हणाले. "शिकून घे."

मी शाहूपुरीत एका छापखान्यात प्रुफं तपासते. शिकणं म्हणजे पुस्तक उघडणं, यापलीकडे माझी झेप नाही. पुस्तक आबांच्या उशाशीच होतं, कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलेलं: नामवंत खेळाडूंचे डाव, आणि जवळजवळ प्रत्येक चालीखाली टीप. आबांची पद्धत मी लहानपणापासून पाहिली होती. पानावर लग्नपत्रिका ठेवून पुढची चाल झाकायची. आपण काय खेळलो असतो ते समासात पेन्सिलीनं लिहायचं. मग पत्रिका एक ओळ खाली सरकवायची. डाव संपला की किती जुळल्या ते मोजायचं. आता पुस्तकात होती ती पत्रिका माझ्याच लग्नातली, जास्तीची छापलेली. तिच्यात 'आशीर्वाद' चुकला आहे. प्रुफं मीच तपासली होती.

पहिल्या डावाखाली आबांचा आकडा होता: चौतीसपैकी एकोणीस. माझ्या तीन जुळल्या. त्यातल्या दोन वेळा राजाला जायला दुसरं घरच नव्हतं. छपाईच्या चुका मात्र चार सापडल्या, आणि त्या रात्री मी समाधानानं झोपले.

पुढं पुढं मला चालींपेक्षा टिपाच आवडू लागल्या. 'काळ्याची ही शांत चाल सगळं सांगून जाते.' काय सांगून जाते ते मला ऐकू यायचं नाही, पण वाक्य चांगलं होतं. मी ते आईला वाचून दाखवलं. ती पटाच्या कडेकडेनं फडकं फिरवत होती.

"तू खेळायला शिकतीयास का भाषण करायला?" ती म्हणाली.

एक गोष्ट मात्र पक्की समजली, कारण सगळेच टीपकार ती पुन्हा पुन्हा सांगत होते: राजाला लवकर किल्लेकोटात न्या. राजा दोन घरं सरकतो, हत्ती त्याच्यावरून पलीकडे येतो, राजा सुरक्षित. आणि आबांचा राजा तर अजून मधोमध उघडा, मूळच्या घरात. आयुष्यभर हे पुस्तक वाचून! मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. आबांची एक चूक तरी मला दुरुस्त करता येणार होती.

ठरल्या रविवारी काका आले. मी चहा ठेवला, समोर बसले, आणि टीपकारांनी सांगितल्याप्रमाणे आधी राजा उचलला, दोन घरं नेला, मग हत्ती त्याच्यावरून पलीकडे ठेवला. मागं टेकले.

काका पटाकडे बघत राहिले. "ह्ये काय?"

"किल्लेकोट."

"हत्तीनं राजावरनं उडी मारली? निशे, ह्यो काय सर्कशीतला हत्ती हाय व्हय?"

"पुस्तकात आहे, काका."

"पुस्तकात असंल. त्यो सायबाचा डाव. आमी काट्यावर बसून खेळल्याला आपला देशी. ह्यात कोटबीट न्हाय. तुझा आबा पुस्तकातनं इचार शिकायचा, नियम न्हाय." त्यांनी हत्ती आणि राजा जागेवर ठेवले. "आणि हात लावलास राजाला. हात लावला की चाल. हलीव आता राजाच."

राजा जिथं हलेल तिथं मरत होता. तीन महिन्यांच्या अभ्यासानंतर एवढं मला दिसत होतं. काकांनी बशीत चहा ओतला, प्याले, आणि मग म्हणाले, "शह बसायच्या आदी राजाला घोड्याची उडी मारता येती. सबंध डावात एकदाच. तुझ्या आबानं ती राखून ठेवल्याली. ती मोडायला म्या चार म्हैनं शह द्यायला बघत हुतो, देऊ दिला न्हाय गड्यानं."

म्हणजे राजा मधे राहिला नव्हता. ठेवला होता.

घोड्याच्या उडीनं चार घरांपर्यंत पोचता येत होतं. झाकायला पत्रिका नव्हती, खाली उत्तरही नव्हतं. मी बराच वेळ घेतला. मग राजा उचलला आणि उजव्या बाजूला तीन प्याद्यांच्या आडोशाला ठेवला.

"ह्येच की," काका हळू आवाजात म्हणाले. "हंबीर हितंच गेला असता."

मी चहा गरम करून आणते म्हणून आत गेले. चहा गरमच होता.

त्यानंतर मी एकवीस चाली टिकले. काकांनी सोंगट्या पिशवीत भरल्या, पट घडी करून काखेत मारला. मी दाराशी उभी होते. माझ्या तोंडाकडे बघून ते म्हणाले, "रडतीयास कशाला? पुढच्या म्हैन्यात मुरगूडला माझ्या घरी यायचं."

"हरलेल्यानं?"

"मग पट कुणाकडं हाय? तुझा आबा सात वर्सं सलग येत हुता माझ्याकडं. काय समजलीस?"

"आबा आम्हाला सांगायचे, जोतीरामची तब्येत बरी नसते, बघून येतो."

"माझी? मला काय धाड भरलीया!" काका पायरीवरच थांबले, आणि मग इतके हसले की आई बाहेर आली.

ते गेल्यावर आईनं टेबल पुसलं, या वेळी मधूनसुद्धा. मी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आमचा डाव लिहून काढला, टिपांसह. पहिल्याच टिपेत हत्ती होता, सर्कशीतला. आबा कुठं काय खेळले असते ते मला बाकी कुठंच सांगता येईना. तरी पद्धतीप्रमाणे खाली आकडा लिहिला.

बावीसपैकी एक.