मुंज्याने धरलेली मोटार

घोडेगावच्या अलीकडं बाभळीपाशी सोनईहून नगरला निघालेल्या मोटारीचे दिवे तांबूस झाले, इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. आतली वीस माणसं बाभळीकडं बघू लागली. आठवड्यातली ही तिसरी खेप.

"मुंज्यानं धरली," पुढच्या सीटवरून मच्छिंद्र भगत म्हणाला. "दिवे मालवा. अर्धा तास कुनी हलायचं न्हाई."

ड्रायव्हर भिमाजीनं दिवे मालवले. माणसं मुंज्याच्या नावानं भगताला द्यायला पिशव्यांतून नारळ काढू लागली. सोनईहून सुटताना रोज भगत बॉनेट उघडून आत धूप फिरवी. तेव्हा जवळ कुणी फिरकायचं नाही, असा त्याचा दंडक होता.

एलिया मात्र भगताकडं रोखून बघत होता. लढाईत चार वर्षं फौजेच्या लॉऱ्या दुरुस्त करून तो नुकताच गावी आला होता. मुंज्याला दिव्यांचं काय वावडं, हे त्याला उमजेना.

मागच्या बाकावर चांगुणा कण्हत होती. पहिलंच बाळंतपण अडलेलं. आई लंकाबाई तिला नगरच्या दवाखान्यात नेत होती.

"भगत, पोर अर्धा तास कशी काढंल?" लंकाबाईनं विचारलं.

"मुंज्याला घाई चालत न्हाई, बाई."

एलिया उतरला आणि त्यानं बॉनेटला हात घातला.

"रक्त ओकशील," भगत म्हणाला.

"ओकलो तर तुमचंच नाव व्हईल."

अजून थोडा उजेड होता. डायनामोची तार सुटलेली दिसली. टोकाला चिंधी गुंडाळलेली, तिला धुपाचा वास. एलियानं ती सगळ्यांना दाखवली.

"इंजिन फिरतंय तवर डायनामो वीज करतो, ती या तारेतून बॅटरीत भरते. तार काढली की बॅटरी नुसती रिती व्हते. दिवे लावले की आनखी लवकर संपते. दिवे मालवून थांबलं की तिला जरा दम येतो, मग हँडल मारून गाडी निघते. मुंज्या कसला?"

"खडखडून सुटली आसंल," भगत पुटपुटला.

"सुटलेल्या तारंला चिंधी कोन बांधतं?"

भिमाजी सावकाश म्हणाला, "सकाळी मी सोता कसली हुती. अन् भगत पयले मोटारीवर क्लीनर हुते."

एलियानं तार कसली. बॅटरीला दम येईतो थांबायला वेळ नव्हता, गाडी ढकलायची होती; पण मुंज्याच्या भीतीनं बाभळीखाली उतरायला कुणी धजेना. लंकाबाई उतरली, पदर खोचून तिनं मागून खांदा लावला. मग एकेक करत सगळे उतरले. उतारावर इंजिन धडधडलं. भिमाजीचा हात दिव्याच्या बटणाकडं गेला. एलियानं तो धरला. समोरच्या मीटरचा काटा चार्जिंगच्या, म्हणजे बॅटरी भरण्याच्या, बाजूला झुकल्यावरच दिवे लावू दिले. भगत खालीच राहिला. त्याला वर ये म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

चांगुणाला मुलगी झाली. दोघी वाचल्या.

रविवारी सोनईच्या मोटारअड्ड्यावर एलियानं तीच तार चारचौघांत सोडून दाखवली, पुन्हा कसून दाखवली. एक म्हातारा त्याच्या पायाशी वाकला. एलिया मागं सरला.

"पाया नका पडू, बाबा. माझ्यावर बी नुसता इस्वास ठेवू नका. सोता वाकून आत बघा. अन् जो बघू देत न्हाई, त्याचा आधी संशय घ्या."