उजव्या टोकाची चौकट

मी एक जुना पांढरा फळा आहे, मित्रांनो. पांढरा म्हणायचं ते सवयीने, नाहीतर आता माझा रंग दुधापेक्षा चहाकडेच जास्त झुकलाय. मला चार चाकं आहेत, त्यातलं एक फिरतच नाही. म्हणून मला ढकललं की मी तिरका तिरका जातो आणि लोक मलाच बोल लावतात.

एका कारखान्यात पत्र्यावर गुळगुळीत लेप चढवून मला घडवलं. कामधंदा शिकवणाऱ्या एका संस्थेत मी आलो, तेव्हा काय कौतुक होतं माझं! शिक्षक मुद्दाम येऊन माझ्यावर सही करून बघायचे. पण नव्याचे नऊ दिवस. पुढे भिंतीवर मोठा पडदा आला आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. तिथे लोक माझ्यावर ओल्या छत्र्या अडकवायचे. फार वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

मग संस्थेने ऑनलाइन अभ्यासक्रम काढायचं ठरवलं आणि माझी आठवण झाली. माझ्यावर उभ्या रेघा मारून चौकटी केल्या, ज्या कामाला जितके दिवस तितकी त्याची चौकट रुंद. आधी धडे लिहायचे, मग चित्रीकरण, मग कापाकापी आणि जोडणी. अगदी उजव्या टोकाला एक अरुंद चौकट होती, तिच्यात लिहिलं होतं ‘दुसऱ्याची नजर’. म्हणजे धडे लोकांपुढे ठेवण्याआधी संस्थेतल्याच कुणीतरी ते बघायचे आणि कुठे अडलं ते मोकळेपणाने सांगायचं.

नियम चांगला, पण पाळतो कोण? कुणाचं लिखाण लांबायचं, कुणाचा कॅमेरा रुसायचा. दिवस कमी पडले की सगळ्यांचं डस्टर थेट त्याच चौकटीवर यायचं. बाकीच्यांची पोटं भरायला उपाशी राहायची ती एकटी.

सिस्टरही त्यातल्याच. सिस्टर म्हणजे आमच्याकडे रुग्णसेवा शिकवणाऱ्या बाई. अर्धं आयुष्य वॉर्डात काढलेलं. जीभ फटकळ, हात मऊ. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी काळजी कशी घ्यायची, हा अभ्यासक्रम त्यांनी जीव ओतून केला होता. घरी नीट कूस न बदलल्यामुळे पाठीला जखमा झालेली माणसं त्यांनी फार पाहिली होती. पण पहिल्या खेपेला बहुतेकांनी तो अर्ध्यातच सोडला. का, ते कुणी सांगेना. प्राचार्यबाई म्हणाल्या, आणखी एकदा करून बघा, नाही जमलं तर बंद करू. सिस्टरच्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या खेपेच्या तयारीतही वेळेची तीच गत. चित्रीकरण लांबलं आणि एका दुपारी त्या डस्टर घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. नेमके तेव्हा वायरिंग शिकवणारे सर तिथे आले. हा माणूस मोजकंच बोलणारा. ते म्हणाले, “पुसू नका. मी बघतो तुमचे धडे.”

“तुम्ही? तुमचा काय संबंध रुग्णसेवेशी?”

सर म्हणाले, “वडील अंथरुणावर आहेत. पाठीला जखम झालीय. घरात आम्ही दोघंच.”

इतकी वर्षं एका खोलीत बसून हे कुणाला ठाऊक नव्हतं. सिस्टरनी डस्टर खाली ठेवलं, पण मनातून नाही. वायरमनकडून काय कळणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

आठवड्याच्या शेवटी सर आले आणि पेनाच्या टोपणाशी चाळा करत बसून राहिले. चुकीचं काय आहे ते एकदाचं सांगून टाका, असं सिस्टर म्हणाल्या.

“चुकीचं काहीच नाही,” सर म्हणाले. “पण बाबांना कुशीवर वळवताना माझे दोन्ही हात त्यांच्या अंगाखाली होते. व्हिडिओ पुढे निघून गेला. थांबवू कशाने?”

सिस्टरना झोंबलंच. आधी पूर्ण बघायचं आणि मग हात लावायचा, असं म्हणून त्यांनी आपल्या वॉर्डातल्या वर्षांचा पाढाही वाचला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी सिस्टरनीच विचारलं, “मग बाबांचं काय केलंत?”

“बसलो तसाच धरून. तेच म्हणाले, तुझ्या सिस्टरला सांग, जरा दम धर म्हणावं.”

सिस्टर हसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांपुढे वॉर्ड आला. वॉर्डात रुग्णाला वळवायला नेहमी दोघी असतात. व्हिडिओतही पलीकडून धरायला एक मदतनीस उभी होती. ती इतकी सवयीची, की सिस्टरच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. घरी मात्र माणूस एकटा असतो. लोक का सोडून गेले, ते त्यांना आता उमगलं.

त्या तडक प्राचार्यबाईंकडे गेल्या, मुदत वाढवून मागितली आणि भरपूर बोलणी खाऊन, पण मुदत घेऊनच परत आल्या. मग मला स्वच्छ पुसलं. या वेळी त्यांनी सगळ्यात आधी उजव्या टोकाची चौकट आखली, चांगली ऐसपैस, आणि उरलेल्या जागेत बाकीची कामं बसवली. आधी कळस मग पाया, असं मी मनात म्हटलं. पण चूक माझीच होती. धडेही आता नव्याने झाले: एक हालचाल, एक छोटा व्हिडिओ, तोही एकट्याने करता येईल असा. संपला की आपोआप थांबणारा. सर घरी करून बघत आणि येऊन अडलेलं सांगत. वादही व्हायचे. “माणूस वळवताय की वायर ओढताय?” असं सिस्टर विचारायच्या, आणि तरी तो धडा पुन्हा करायच्या.

अभ्यासक्रम सुरू झाला. या खेपेला लोक टिकले आणि बंद करायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

मित्रांनो, मी आता थकलोय. ओल्या फडक्याने मला अधूनमधून पुसलंत तर बरं वाटेल. पण त्याहून मोठं मागणं असं, की कुठलंही काम आखताना ते दुसऱ्याला दाखवायचा वेळ आधी बाजूला काढा. शेवटी उरेल तो देऊ म्हणाल, तर शेवटी काहीच उरत नाही, हे मी उभ्या जन्मात पाहिलंय. आणि कुणी आपलं काम भीत भीत पुढे केलं, तर ते मायेने बघा आणि खरं तेच सांगा.

एक मात्र सांगायचं राहिलं. काम संपल्यावर मला पुसून ठेवलं होतं, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी सर आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “बाबांची जखम सुकली.” सिस्टर “बरं झालं” एवढंच म्हणाल्या, माझ्याकडे तोंड करून वळल्या आणि बराच वेळ काहीतरी वाचत राहिल्या. माझ्यावर तेव्हा एक अक्षरही नव्हतं.