पाकिटाची मागची बाजू

सिस्टरांनी पाकिटावरची धूळ झटकली, एक्स-रे बाहेर काढला आणि खिडकीच्या काचेला लावला. बरगडीखाली पांढरा ठिपका दिसत होता.

"डावी बाजू. गोळी आतच राहिलेली," त्या म्हणाल्या. "वय एकोणीस. खाटेवर चव्वेचाळीस दिवस."

सर्जननी वहीत उतरवून घेतलं. दोघांनाही निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली होती. पण हॉस्पिटलची जुन्या एक्स-रेंची खोली शनिवारी रिकामी होणार असं कानावर आलं आणि म्हातारा हट्टाला पेटला. तीस वर्षांत गोळी लागून आलेल्या प्रत्येकाची नोंद करायची. गोळी कुठे लागली, ऑपरेशनं किती झाली, माणूस पुढे चालू शकला की नाही, सगळं.

"आणि मागे?" त्यांनी विचारलं.

सिस्टरांनी पाकीट उलटं केलं. मागे त्यांचंच पेन्सिलीतलं अक्षर होतं. 'शुद्धीवर आल्यावर म्हणाला: माझी परीक्षा होऊन गेली का?'

ही त्यांची जुनी खोड. शुद्धीवर आलेल्या माणसाचं पहिलं बोलणं त्या पाकिटामागे टिपून ठेवायच्या. हे हॉस्पिटल आहे की कादंबरी, म्हणून सर्जन तेव्हा डाफरायचे. आता त्यांनीच वहीत 'बोलणं' असा एक रकाना वाढवला होता. काय दिवस होते ते! ऑपरेशन उरकलं की सगळे जिन्यात बसून गार झालेला चहा प्यायचे आणि सर्जनची नक्कल सर्जनसमोरच व्हायची. त्या चहाची चव सिस्टरांना पुन्हा कुठे मिळाली नाही.

पुढचं पाकीट हातात आलं आणि त्या थांबल्या. वर धाकट्या भावाचं नाव होतं.

बावीस वर्षं त्यांनी या पाकिटाला हात लावला नव्हता. त्या दिवशी त्या डबा घरी विसरल्या होत्या. घेऊन ये म्हणून त्यांनीच त्याला फोन केला होता. हॉस्पिटलच्या फाटकापाशी दुसऱ्याच कुणावर झाडलेली गोळी त्याला लागली. सिस्टरांना कुणी ऑपरेशन थिएटरमध्ये जाऊ दिलं नाही, आणि तो टेबलावरच गेला. जाताना त्याने आपल्याला बोल लावला असेल का, हे विचारायचा त्यांना कधी धीर झाला नाही.

"हे तुम्हीच लिहा, सर. मागे काही नसेल. मी नव्हते ना आत."

सर्जननी चष्मा काढला.

"तुम्ही वाचलं नाहीत?"

"काय वाचलं नाही?"

"सगळी पाकिटं तुम्हीच लावायचात. मला वाटलं, तुम्ही केव्हाच वाचलं असेल."

"हे नाही लावलं मी."

सिस्टरांनी पाकीट उलटं केलं. पेन्सिलच होती, पण अक्षर सर्जनचं, किरटं. 'भूल देण्याआधी म्हणाला: ताईला सांगा, डबा सांडला नाहीये.'

सिस्टरांनी ते दोनदा वाचलं. मग बाहीने डोळे पुसले आणि एकाएकी त्यांना हसू फुटलं.

"लिहू का?" सर्जननी हळूच विचारलं.

"लिहा. पण थापा मारतोय तो. निम्मी भाजी सांडली होती. पिशवी मीच धुतली."

सर्जननी ते तसंच लिहून घेतलं, थापेसकट.