सातव्या सेकंदाला

डब्यात ती आज अकरा वेळा वाचली.

डबा म्हणजे सिम्युलेटर. तिन्ही बाजूंना पडदे, मधे खुर्ची आणि विमान वळवायची कांडी, आणि काचेमागे बटणताई. बटणताईंनी कळ दाबली की पडद्यावरच्या डोंगरामागून क्षेपणास्त्र सुटायचं. त्यांच्या शेजारी मास्तर उभे होते, हातात पात्रतेचा फॉर्म घेऊन. डब्यात बसलेली पोरगी त्यांची सख्खी भाची. दुपारी दोनच्या बसने ती आघाडीवरच्या स्क्वाड्रनला जाणार होती. मास्तरांनी सही केली तर.

"अकरापैकी अकरा," बटणताई म्हणाल्या. "मामावर गेलीय हो पोरगी."

मास्तर पडद्याकडे बघतच नव्हते. ते भाचीच्या ओठांकडे बघत होते. क्षेपणास्त्र सुटल्याचा भोंगा वाजला की ओठ हलायला लागायचे, आणि हलायचे थांबले की ती कांडी पोटाशी ओढायची. तिचे डोळे क्षेपणास्त्रावर नव्हते. ती मोजत होती.

थांबवा.

(डब्यात ही सोय असते. कळ दाबली की विमान, धूर, आग, सगळं जागच्या जागी. तेवढ्यात सकाळचा फोन सांगून घेऊ.)

"दादा, नापास कर तिला," बहीण म्हणाली होती.

"उगाच कसं करू?"

"एक आडवी रेघ मारायची. त्यात काय हात मोडतो तुझा?"

"जन्मात तोंड बघणार नाही ती माझं."

"नको बघू दे. जिवंत राहून नको बघू दे."

मास्तरांनी फोन ठेवला, मनातल्या मनात चरफडले, आणि ठरवलं, पोरगी जशी उडवेल तसंच लिहायचं. ना कमी, ना जास्त.

चालू.

"ताई, बारावं सोडा. पण डोंगराच्या अलीकडून."

"अलीकडून? अहो, तुम्हीच लावून दिलेलं अंतर आहे ते. नऊ वर्षांत मी हात लावला नाही."

"आज लावा."

भोंगा. भाचीचे ओठ एक, दोन, तीन, चार असे हलले, आणि तिन्ही पडदे लाल झाले.

ती बाहेर आली ती हेल्मेट काखेत मारूनच. "सर, हे काय होतं? पाचपर्यंतसुद्धा पोचले नाही!"

"मोजतेस कशाला?"

"सगळेच मोजतात. भोंगा झाला की सात मोजा आणि ओढा. वर्गात कुणी शिकवत नाही, पण मेसमध्ये पहिल्याच दिवशी सांगतात. तुमचाच आकडा आहे, सर."

मग तिची नजर फॉर्मवर गेली, तिथून मास्तरांच्या चेहऱ्यावर.

"आईचा फोन आला होता ना?"

मास्तरांनी फॉर्म पाठीमागे धरला.

"मामा, खरं सांग."

"आला होता."

"वाटलंच! आणि नेमकं बारावं जवळून सुटलं. नऊ वर्षं सुचलं नाही, आज बरं सुचलं तुला?"

बटणताईंनी आपला चहाचा कप उचलला आणि त्या कारण नसताना धुवायला निघून गेल्या.

मास्तरांपाशी दोनच वाटा होत्या. गप्प बसले तर पोरगी त्यांना आईच्या शब्दावर चालणारा मामा समजणार, वरती तक्रार करणार, दुसऱ्या कुणाची तरी सही आणणार, आणि सात मोजत आघाडीवर जाणार. बोलले तर

थांबवा.

वर्गात सांगतात ती गोष्ट: दोन विमानं होती, मास्तरांचं आणि त्यांच्या जोडीदाराचं, लंबूचं. डोंगरामागून दोन क्षेपणास्त्रं सुटली. मास्तरांनी डोकं थंड ठेवलं, सात मोजले, वळले, वाचले. लंबू घाबरला, घाईत आधीच वळला. लंबू गेला.

घडली ती गोष्ट: मास्तर रेडिओवर मोठ्याने मोजत होते. मोजलं की हात कापत नव्हते, एवढंच त्याचं कारण. चारला लंबू ओरडला, "माझं जवळ आलंय रे, वळू का?" मास्तर म्हणाले, "थांब. सात." लंबू कधी त्यांचा शब्द मोडत नसे. तो थांबला.

चालू.

हे सगळं मास्तरांनी भाचीला उभ्या उभ्या सांगितलं, फॉर्मची सुरळी करत, उलगडत, पुन्हा करत. लंबूच्या आईलाही त्यांनी वर्गातलीच गोष्ट सांगितली होती, तेही सांगितलं. डब्यातलं अंतर त्यांच्यावर सुटलेल्या क्षेपणास्त्राच्या आठवणीतून आलं होतं. त्या अंतरावरून सातच आकडा बरोबर ठरतो. म्हणून तो लावला, आणि पोरं वाचत गेली. त्यांना वाचताना बघून मास्तरांना वाटत राहिलं, आपलं फारसं चुकलं नव्हतं.

भाचीने हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं. मग तिने विचारलं, "मग बघायचं काय असतं?"

"काचेवर सरकत गेलं तर ते दुसऱ्याचं. एकाच जागी चिकटून राहून नुसतं मोठं होत गेलं, तर ते तुझं. त्याला बाजूला धर, खाली ओढत ने, आणि आता वळला नाही तर संपलं असं वाटलं की वळ. ते कधी, हे कुणी सांगू शकत नाही."

"तुला कळायचं?"

"मला एकदाच जमलं. त्यातही मी बघत नव्हतो."

ती पुन्हा डब्यात शिरली. बटणताई कप घेऊन परतल्या आणि त्यांनी प्रत्येक वेळी अंतर बदललं. तेरावं लागलं. चौदावं लागलं. पंधराव्याला ती फार लवकर वळली, ते आरामात तिच्यामागे वळलं. सोळावं हुकलं, पण ती तशीच डोंगरावर जाऊन आपटली. खाली अंगणात बस येऊन उभी राहिली, दोनदा हॉर्न वाजला, आणि निघून गेली. तिने ऐकलं असणार. बटणताईंनी सतरावं सोडलं.

सतराव्यानंतर ती घामाने निथळत दारात आली.

"माझं राहू दे, मामा. माझ्या आधीचे किती?"

"अडतीस."

"ते अजून सातच मोजतायत."

मास्तरांनी भिंतीवरचा फोन उचलला आणि आघाडीचा नंबर फिरवला. पलीकडे त्यांचाच एक जुना विद्यार्थी निघाला.

"मास्तर! काय आठवण काढली? काय म्हणतोय आमचा डबा?"

"सगळ्यांना फोनपाशी बोलाव. माझ्याकडून चूक झालीय, ती सांगायचीय. आत्ता."

"बोलावतो की. फक्त दोघं नाहीयेत, पाच मिनिटांपूर्वीच विमानं घेऊन गेलेत."

"त्यांना रेडिओवर सांग."

"डोंगर ओलांडेपर्यंत रेडिओ बंद असतो, मास्तर. तुमचाच नियम. काय सांगायचं होतं?"

भाची अगदी जवळ येऊन उभी राहिली, रिसीव्हरला कान लावता येईल इतकी. मास्तरांनी घसा साफ केला.

"लंबू घाबरला नव्हता," ते म्हणाले. "तिथून सुरुवात करतो. लिहून घे."