आईचं मत

हेल्दुर राउडसिकने स्वयंपाकघरातला खण उघडला तो छोटी सुरी शोधायला. सुरी मिळाली नाही. मिळालं आईचं ओळखपत्र आणि त्याला रबराने बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर कार्डाचे दोन गुप्त क्रमांक होते. अक्षर आईचं नव्हतं, थोरल्या बहिणीचं, विर्वेचं होतं.

"हे इथे कशाला?"

विर्वे काळा पाव कापत होती. मान वर न करता म्हणाली, "मत द्यायला. आईला संगणक कुठे जमतो? मीच देते तिचं. गेल्या तिन्ही निवडणुकांत तुलाच दिलंय, काळजी करू नकोस."

हेल्दुर मटकन खुर्चीत बसला. इंटरनेटवरचं मतदान बंद करा, म्हणून तो राजधानी तालिनच्या संसदेत वर्षानुवर्षं घसा फोडत होता. घरात बसून कोण कुणाच्या नावाने बटण दाबतं ते कुणाला दिसतं, हा त्याचा ठरलेला मुद्दा. गेल्या आठवड्यात त्याच्या विधेयकावरच्या चर्चेत समोरच्या बाकावरच्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, की असं एक तरी नाव सांगा. सभागृह हसलं होतं. पुढच्या बैठकीत पुराव्यासकट सांगतो, असं तो ठणकावून आला होता. ती बैठक उद्या होती, आणि इतके दिवस धुंडाळूनही त्याच्या हाती एकही नाव लागलं नव्हतं.

आता लागलं होतं. मत त्याच्या आईचं, हात बहिणीचा आणि फायदा त्याचा स्वतःचा. सांगावं तर विर्वे गोत्यात येणार आणि न सांगावं तर विधेयक पडणार.

"हा गुन्हा आहे, विर्वे."

"आईची सोय केली तर गुन्हा? मोठा आलाय कायदे शिकवायला."

खिडकीपाशी त्यांची आई, मेएता, बटाटे सोलत बसली होती. ती छोटी सुरी तिच्याच हातात होती. चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी, पण साल अशी पातळ काढायची की बघत राहावं.

"भांडू नका," ती म्हणाली. "विर्वेने दिलेलं मत धरलंच जात नाही."

दोघांनीही वळून पाहिलं.

ती शांतपणे सांगू लागली. विर्वे आपल्या नावाने मत देते हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणून मतदानाच्या रविवारी ती शाळेतल्या मतदान केंद्रावर जाऊन कागदावर मत द्यायची. कागदाचं पडलं की संगणकातलं बाद होतं, एवढा नियम तिला पक्का माहीत होता. शेजाऱ्यांनीच सांगितला होता तिला.

विर्वेच्या हातातला पाव तसाच राहिला. "तू तर त्या दिवशी शाळेत विकायला ठेवलेला केक खायला जातेस ना?"

"केकही खाते."

हेल्दुरला खरं तर हायसं वाटायला हवं होतं, बहीण सुटली होती. पण मनात भलताच प्रश्न आला होता. मत त्यालाच द्यायचं असतं, तर बर्फातून दीड किलोमीटर चालत जायची गरजच काय होती?

"मग तू कुणाला देतेस?" विचारू नये असं वाटत असतानाच त्याने विचारलं.

"तुला नाही."

तिने सोललेला बटाटा पाण्यात टाकला आणि दुसरा घेतला.

"तुझी सगळी भाषणं ऐकते मी. या तिन्ही निवडणुकांआधी कुटुंबाच्या कायद्यावर बोललास, तेही ऐकलं. बाप नसलेलं घर म्हणजे अर्धं घर, तिथली मुलं अर्धवट वाढतात, असं म्हणालास. टाळ्या पडल्या. तुझा बाप गेला तेव्हा तू तीन वर्षांचा होतास, हेल्दुर. ते घर मी चालवलंय."

विर्वेने पाव खाली ठेवला. हेल्दुरला धड उठताही येईना आणि बसवतही नव्हतं. ते वाक्य त्याला तोंडपाठ होतं. ते बोलताना आई त्याच्या मनातही आली नव्हती, आणि हेच आता त्याला सहन होईना.

"मला सांगायचं तरी," तो कसाबसा म्हणाला.

"सांगितलं की," आई म्हणाली. "तीनदा. शाळेपर्यंत चालत जाऊन."