फाटकावरचा माणूस

ओरिनला डोंगर आवडत नाहीत, हे मला आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ट्रकमध्ये बसून कळलं. आयोवात डोंगरच नाहीत, त्यामुळे विषय कधी निघालाच नव्हता.

घर हलवत होतो ते माझ्या दम्यापायी. दर शरदात मक्याची कापणी लागली की धुरळा उडायचा आणि मी उशांना टेकून बसल्या बसल्या रात्री काढायची. डॉक्टर म्हणाले, उंचावर जा, कोरड्या हवेत. मी लगेच मोंटानाचं नाव घेतलं. ओरिन दोन दिवस नुसता शेतातून हिंडला. मग त्यानं जमीन पुतण्याला कसायला दिली, भाड्याचा ट्रक दारात आणून उभा केला आणि म्हणाला, "नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत बघू, मार्लिस. नाही जमलं तर परत." घर विकलं नाही. किल्ली त्याच्या भावाकडे, डेल्मरकडे ठेवली.

मिझुरी नदी ओलांडली आणि जमीन एकदम मोकळी झाली. झाडं संपली, पिवळ्या गवताच्या टेकड्या सुरू झाल्या. मी काचेला नाक लावून बसले होते. बॅडलँड्सच्या ओसाड मुलखात संध्याकाळ झाली. मातीच्या त्या सुळक्यांवर गुलाबी, पिवळे, राखाडी पट्टे उजळले आणि मी ओरिनला कोपरानं ढोसलं.

"यात एक कणीस यायचं नाही," ओरिन म्हणाला.

"अरे, पेरायला कोण सांगतंय तुला? नुसतं बघ की!"

"बघितलं. येणार नाही."

वायोमिंगमध्ये बिगहॉर्न डोंगरांचा घाट लागला. ट्रक कण्हत कण्हत चढत होता. एका बाजूला लाल कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि ओरिनची नजर घट्ट रस्त्यावर. माथ्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली. म्हणाला, इंजिन तापलंय. मी खाली उतरले. सावलीत जुना बर्फ पडला होता, देवदारांचा वास येत होता. मी श्वास घेतला आणि तो थेट पोटापर्यंत गेला. किती दिवसांनी! मी तिथं उभी राहून नुसती श्वास घेत राहिले. ओरिन ट्रकला टेकून माझ्याकडे बघत होता. इंजिन काही तापलेलं नव्हतं, मी हात लावून पाहिला होता.

आमचं नवं घर खोऱ्याच्या वरच्या टोकाला. कच्चा रस्ता बर्निस टॉलफसनच्या कुरणातून जातो. बर्निस सत्तरीची, नवरा गेल्यापासून एकटी गुरं सांभाळणारी बाई. आम्ही आलो त्या दिवशी तिनं पिकअपच्या खिडकीतून एक बोट वर केलं आणि निघून गेली. इथं एवढ्यात स्वागत उरकतात. मी खोकी उघडली, पडदे लावले, बशा मांडल्या. खिडकीतून डोंगर बघत भांडी घासण्याचं सुख मला त्या घरानं दिलं, त्याबद्दल मी रोज मनातल्या मनात आभार मानायची. ओरिननं मात्र पडवीतली खुर्ची डोंगराकडे पाठ करून ठेवली.

"समोर कुणीतरी वाट अडवून उभं राहिल्यासारखं वाटतं," तो म्हणाला.

त्याला कामच नव्हतं. जन्मभर पहाटे उठलेला माणूस पहाटे उठून कॉफी प्यायचा आणि मग दुसरी कॉफी प्यायचा. मला झोप लागत होती, मी जिने चढत होते, आणि तो माझ्यासाठी वाळत चालला होता.

सप्टेंबरात एका संध्याकाळी तो फिरून आला तो चक्क शीळ घालत. "काय निष्काळजी लोक आहेत गं इथले! तारेचं फाटक गवतात पडलं होतं, सताड उघडं. ओढून ओढून लावलं एकदाचं. हात बघ." तळहात सोलवटले होते. आयोवात उघडं फाटक म्हणजे मक्यात शिरलेली गुरं. सासरेबुवांनी पोरांना चालायच्या आधी फाटक लावायला शिकवलं असावं. कुणाच्या तरी उपयोगी पडलो, म्हणून त्यानं त्या रात्री दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ऊन रणरणत होतं. दुपारपासून गाई हंबरायला लागल्या त्या थांबेचनात. मी म्हटलं, वासरं आयांपासून तोडली असतील. संध्याकाळच्या सुमारास बर्निसची पिकअप दारात येऊन थांबली.

"फाटक कुणी लावलं?"

"मी," ओरिन ताठ होऊन म्हणाला. आभाराची वाट बघत होता, बिचारा.

"कशासाठी?"

"उघडं होतं."

"उघडं होतं, कारण मी उघडं टाकलं होतं. गुरं वरच्या अंगाला, ओढा खालच्या अंगाला. काल संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नाही त्यांच्या पोटात. शेवटी कुंपण मोडून गेली. एकीचा पाय तारेत फाटलाय." ती ओरडत नव्हती, हेच वाईट होतं. "इकडं फाटक जसं दिसेल तसं ठेवायचं असतं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. पोरांनाही ठाऊक असतं हे."

ओरिनचं तोंड एवढंसं झालं. "बाई, मी भरपाई..."

"राहू द्या. गाय जगेल." ती गेली.

त्या रात्री तो जेवला नाही. ताटावर बसून म्हणाला, "आपण परत जाऊ, मार्लिस."

"एका फाटकापायी?"

"जन्मभर गुरं पाळली मी. तहानेनं ओरडत होती आणि मी इथं बसून कॉफी पीत होतो. इथलं मला काही कळत नाही. मला माझ्या घरी जायचंय."

मला श्वास हवा, म्हणून त्याचा जीव किती दिवस टांगून ठेवू? "बरं," म्हटलं. "डेल्मरला सांग." आणि भांडी घासायला वळले. खिडकीबाहेर काळोख होता, ते एक बरं झालं. रडायला आलं होतं, पण आवाज होऊ दिला नाही. रडलं की मला धाप लागते आणि धाप लागली की तो निर्णय बदलतो. असा बदललेला निर्णय मला नको होता.

सकाळी तो हत्यारांची पेटी ट्रकमध्ये टाकत होता. "जाण्याआधी कुंपण तरी नीट करून देतो," म्हणाला. मी खिळे द्यायला बरोबर गेले. मोडलेले खांब त्यानं उपटले, नवे रोवले, तार ताणली. दुपारी बर्निस आली आणि तिनं उपटलेला एक खांब बुटानं उलटवला.

"तो खांब मुळातच कुजलेला होता," ती म्हणाली. "नवऱ्यानं लावलेला. मला काढवत नव्हता."

"मग परत लावू का?" ओरिननं घाबरून विचारलं.

ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "नको रे बाबा. शनिवारी गुरं डोंगरावरून खाली आणायचीत. सगळं खोरं येतं मदतीला. फाटकावर माणूस हवाय."

"फाटकावर? मी?"

"मग काय मी उभी राहू? घोड्यावर कोण बसणार? आणि तुझ्याइतकं फाटकाचं महत्त्व आता खोऱ्यात कुणाला कळलंय?"

शनिवारी शेजारपाजारचे लोक घोडे घेऊन जमले. ओरिनची कीर्ती आधीच पोचली होती. "हेच का ते फाटकवाले?" "काका, आमच्याही गोठ्याचं एक राहिलंय बघा!" "हळू रे, कुलूप घालतील!" मला वाटलं, आता हा ट्रकमध्ये जाऊन बसतो. पण ज्याची कीव येते त्याला कुणी असं चिडवत नाही, हे त्यालाही कळलं असावं. "तुझ्या तोंडाचं आधी लावतो," तो एका दाढीवाल्याला म्हणाला आणि सगळे खो खो हसले.

मग धूळ उठली. मी रुमाल नाकाला लावला, पण ती साधी मातीची धूळ, वाऱ्याबरोबर दरीत उतरून गेली. गाई, वासरं उतारावरून खाली लोटत आली. बर्निस घोड्यावरून हात करायची, ओरिन फाटक ओढायचा, पुन्हा हात, पुन्हा सोडायचा. घामानं निथळत होता. पाय फाटलेली गाय वरच्या कुरणातून लंगडत सर्वांत शेवटी आली, तेव्हा त्यानं हॅट काढली. ती पलीकडे जाऊन गवताला तोंड लावेपर्यंत त्यानं फाटक धरून ठेवलं.

जेवण बर्निसच्या अंगणात. राजमा आणि मांसाचा झणझणीत रस्सा, आणि त्याबरोबर दालचिनीचे गोड रोल. हे इथंच कुणी एकत्र खावं. ओरिननं रोल रस्स्यात बुडवला. मी डोळे फिरवले. समोर पलीकडच्या खोऱ्यातून आलेलं एक तरुण जोडपं बसलं होतं. मुलीनं विचारलं, "तुम्ही कुठले, काका?"

"आयोवाचे आहेत ते," बर्निसनं परस्पर उत्तर दिलं.

"होतो," ओरिन म्हणाला. तोंडात घास होता, तो त्यानं सावकाश गिळला. "आता वरच्या घरातले."

आणि पुन्हा रोल बुडवायला लागला. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही. मी मीठ आणते म्हणून उठले आणि बर्निसच्या स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले. धाप लागली नाही.